सॅकची चेन निवडताना आधी रनर पाहावा

पाठीवरची सॅक कापडामुळे निकामी झाली, असे क्वचितच घडते. कापडाचा रंग विटतो, खांद्याच्या पट्ट्यांमधला फोम दबतो, अस्तराला कुठेतरी भोक पडते, तरीही माणूस ती सॅक वापरत राहतो. मुख्य कप्प्याची चेन बसेनाशी झाली की मात्र सॅकचा उपयोग त्याच दिवशी संपतो. असे असूनही सॅक तयार करताना चेनचा विचार बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी केला जातो. कापडाचे डेनियर (धाग्याच्या जाडीचे माप) किती असावे, आतून लेप कोणता असावा, पाठीचा फोम किती जाड घ्यावा यांवर तासन्‌तास खल होतो आणि चेन मात्र कटिंग झाल्यावर, रंग जुळतो एवढ्याच निकषावर मागवली जाते. या कामात राहून माझे मत असे झाले आहे की कागदावर नमुना काढण्याआधीच चेन ठरलेली असावी, आणि ती ठरवताना दातांच्या आधी रनर, म्हणजे चेन लावताना-उघडताना सरकणारा तुकडा, पाहावा.

याचे कारण चेन कशी बिघडते यात आहे. रनर म्हणजे वरचे आणि खालचे अशी दोन पाती, त्यांना पुढच्या बाजूने जोडणारा मधला खांब आणि दोन्ही अंगांनी आत वळलेल्या कडा. चेन लावताना दोन्ही पट्ट्यांचे दात या खांबाच्या डाव्या-उजव्या वाटांनी आत शिरतात, कडा त्यांना एकमेकांकडे ढकलतात आणि मागच्या तोंडातून ते एकमेकांत गुंतून बाहेर पडतात. चेन उघडताना तोच खांब पाचरीचे काम करून दात वेगळे करतो. दात पक्के गुंतावेत यासाठी मागच्या तोंडाशी वरच्या आणि खालच्या पात्यांमधली फट नेमक्या मापाची राहणे आवश्यक असते. बहुतेक रनर जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतून केलेले असतात. हा धातू ओतायला सोपा असला तरी फार कणखर नसतो. दात आणि त्यांच्याबरोबर आत येणारी धूळ रनरच्या आतल्या कडा घासत राहतात, आणि ठासून भरलेली सॅक ओढून बंद करताना पाती थोडी थोडी फाकत जातात. ही फट जरा जरी वाढली तरी दातांवर पुरेसा दाब येत नाही. मग रनर पुढे सरकतो आणि त्याच्या मागे चेन उघडीच राहते. अशा वेळी दात बहुधा शाबूत असतात, पट्टीही शाबूत असते.

घरोघरी यावर एकच इलाज केला जातो, तो म्हणजे पकडीने रनरची मागची बाजू दाबणे. त्याने काही दिवस काम भागते, कारण फट पुन्हा कमी होते. परंतु झिजलेला धातू परत येत नाही, दाब दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही, आणि जरा जास्त जोर लागला की पाते तडकते. एखादा असा जुना रनर आणि त्याच जातीचा नवा रनर शेजारी ठेवून भिंगातून मागच्या तोंडाकडे पाहावे. नव्या रनरमध्ये आतल्या कडा धारदार आणि डाव्या-उजव्या फटी सारख्या दिसतात, तर जुन्यामध्ये वरचा मुलामा निघून आतला करडा धातू उघडा पडलेला असतो, आणि ज्या बाजूने माणूस सवयीने ओढतो त्या बाजूची कड स्पष्टपणे अधिक खाल्लेली दिसते. रनर निवडण्याचे निम्मे शिक्षण या एका निरीक्षणात होते.

चेनचा सगळा इतिहासही खरे तर मापाच्या काटेकोरपणाचा इतिहास आहे. अमेरिकेत व्हिटकॉम्ब जडसन याला १८९३ मध्ये ज्या बंदाचे पेटंट मिळाले, ते आकडे आणि कड्या यांवर चालणारे होते, आणि ते वाटेल तेव्हा सुटत असे. मूळचा स्वीडिश असलेला अभियंता गिडिऑन सुंडबॅक याने इंचाला चारच्या आसपास असलेली जोडण्यांची संख्या दहापर्यंत नेली, आकड्यांच्या जागी एकसारखे दात आणले, आणि १९१७ मध्ये आज आपण ओळखतो त्या रचनेचे पेटंट त्याला मिळाले. त्याच्या कामातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र पुढचा आहे. असे दात एकसारखे पाडून ठरावीक अंतराने पट्टीवर बसवणारे यंत्रही त्याने तयार केले. रचना कितीही चांगली असली तरी प्रत्येक दात आधीच्या दातासारखाच निघाला नाही, तर चेन चालत नाही. तादाओ योशिदा यांनी १९३४ मध्ये जपानमध्ये सुरू केलेली, आज वायकेके या नावाने ओळखली जाणारी कंपनी चेन बनवण्याची यंत्रेसुद्धा स्वतःच तयार करते. त्यामागचे तर्कशास्त्रही हेच आहे.

म्हणून माझा पहिला आग्रह असा असतो की चेनचा रोल आणि रनर एकाच उत्पादकाचे असावेत. रोल एकीकडून आणि सुटे रनर दुसरीकडून, कारण ते थोडे स्वस्त आहेत, ही पद्धत फार रूढ आहे. चेनवरचा ‘पाच’ किंवा ‘आठ’ हा आकडा बंद दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये साधारणपणे सांगतो, पण तो काटेकोर मापाचा नसतो, आणि दोन उत्पादकांची पाच नंबरची चेन जाडीत व रुंदीत थोडी वेगळी असू शकते. परका रनर त्या चेनवर सरकतो, टेबलावर दोन-चार वेळा वरखाली केला तर सुरळीतही वाटतो, आणि सॅक भरली गेली की त्याचे खरे स्वरूप दिसते. कॉइल म्हणजे तंतूच्या गुंडाळीच्या दातांची चेन; तिच्यातही साध्या कॉइलचा रनर आणि उलट्या कॉइलचा रनर हे वेगळे असतात, कारण उलट्या कॉइलमध्ये दात आतल्या बाजूला आणि पट्टीची सपाट बाजू बाहेर येते. नंबर सारखा आहे म्हणून ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आणखी एक गोष्ट खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवावी. एखाद्या नामांकित कंपनीची अक्षरे पुलरवर, म्हणजे रनर ओढायच्या पट्टीवर, आहेत म्हणून चेनही तिचीच आहे असे होत नाही. नक्कल करायला सगळ्यात सोपी जागा पुलर हीच आहे.

आता दातांकडे. सॅकसाठी तीन जाती समोर असतात: कॉइल, साच्यातले प्लॅस्टिकचे दात आणि धातूचे दात. धातूची चेन दिसायला भारदस्त असते, पण सॅकमध्ये ती मी टाळतो. ती जड असते, वळणावर नाखुशीने वळते, तिच्या दातांच्या कडा अस्तर आणि आतले सामान घासतात, आणि घाम किंवा खारी हवा लागली की तिला गंज अथवा डाग धरतो. साच्यातले दात पॉलिॲसिटल या प्लॅस्टिकचे असतात. ते मोठे आणि सुटे असल्याने वाळू-मातीत बऱ्यापैकी चालतात, परंतु एक दात उडाला की ती जागा कायमची अधू होते, आणि अरुंद वळणावर ते एकमेकांपासून फाकू पाहतात. कॉइल म्हणजे एकाच अखंड तंतूची गुंडाळी. बोलताना आपण तिला सर्रास नायलॉनची चेन म्हणतो, पण बाजारातली बरीचशी कॉइल प्रत्यक्षात पॉलिस्टरची असते आणि ते सॅकच्या दृष्टीने बरेच आहे, कारण पॉलिस्टर पाणी कमी शोषते आणि उन्हात नायलॉनपेक्षा अधिक टिकते. कॉइल वळते, हलकी असते, आणि तिचा सगळ्यात मोठा गुण असा की ताणामुळे मध्येच उसवली तरी रनर मागे नेऊन पुन्हा पुढे आणला की ती बहुधा पूर्ववत गुंतते. मोठ्या उघडणाऱ्या कप्प्यासाठी मला कॉइलला पर्याय दिसत नाही.

कॉइलमध्येही प्रत मोठ्या प्रमाणात बदलते. हाताने तपासताना बंद चेनचा तुकडा घेऊन तो बोटांमध्ये घट्ट दुमडावा आणि दुमडीच्या बाहेरच्या अंगाला वेटोळी एकमेकांपासून सुटतात का ते पाहावे. हलक्या कॉइलमध्ये तिथे लगेच उजेड दिसतो. मग अंगठ्याचे नख बंद वेटोळ्यांमध्ये खुपसून दाब द्यावा, आणि कॉइल पट्टीवर ज्या दोऱ्याने शिवलेली असते तो टाका एकसारखा आहे की मध्येच सैल पडला आहे हे पाहावे. पट्टी स्वतः हातात घेऊन आडवी ओढावी. विणकाम विरळ असेल तर पट्टी ताणली जाते, आणि अशी पट्टी सॅकच्या वळणावर शिवल्यावर कधीच सपाट बसत नाही. रनरच्या बाबतीत तो चेनवर चढवून डावी-उजवीकडे हलवून पाहावा. थोडी मोकळीक असायला हवी, पण खडखडणारा रनर घेऊ नये. काळे किंवा रंगीत रनर विशेष लक्ष देऊन पाहावेत. रंगाचा जाड थर आतल्या बाजूलाही बसलेला असेल तर रनर सुरुवातीला घट्ट चालतो, तो थर निघून गेला की एकदम सैल होतो, आणि मधल्या काळात रंगाची भुकटी फिक्या कापडावर उतरते. खारट हवेत वापरायच्या सॅकसाठी मुलाम्याची प्रत विचारून घ्यावी, कारण जस्ताच्या रनरवर पांढरी भुकटी धरली की तो जागचा हलत नाही.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना मी कमी लेखत नाही. अमेरिकेचे एएसटीएम डी २०६१ आणि ब्रिटनचे बीएस ३०८४ यांसारख्या मानकांमध्ये बंद चेन आडवी ओढून तुटेपर्यंतचा ताण, टोकाला रनर थांबवणाऱ्या अडकणीची पकड, पुलर उपटण्यास लागणारा जोर अशा गोष्टी मोजण्याच्या पद्धती दिलेल्या आहेत. पुरवठादाराकडून अहवाल मागताना तो आपण घेत असलेल्या नेमक्या नंबरचा, जातीचा आणि रनरचा आहे ना, एवढे तपासावे. अनेकदा हाती येतो तो त्याच कंपनीच्या दुसऱ्याच चेनचा अहवाल. शिवाय आडव्या ताणाचा मोठा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. तो आकडा बंद चेन किती भार सहन करते हे सांगतो, तर सॅकची चेन रनरच्या झिजेमुळे जाते. त्यामुळे रनर ताणाखाली असलेल्या चेनवर पुन्हा पुन्हा पुढेमागे सरकवण्याची जी चाचणी असते, तिचा निकाल मी आधी वाचतो. तिथेही एक मर्यादा राहतेच. यंत्र रनरला सरळ रेषेत ओढते, आणि माणूस सॅक एका खांद्यावर लटकवून, दुसऱ्या हाताने पट्टी न धरता, वर आणि थोडे बाहेरच्या बाजूला ओढतो. म्हणून पहिला नमुना शिवून झाला की तो गच्च भरावा, हवेत लटकवावा आणि एकाच हाताने कोपऱ्यांवरून चेन लावावी. कोपऱ्यावर रनर अडखळला तर दोष चेनचा असेलच असे नाही; बऱ्याच वेळा तो कटिंगचा असतो.

यातूनच नंबरचा प्रश्न येतो. मुख्य कप्प्याला आठ किंवा दहा, बाहेरच्या खिशांना पाच आणि आतल्या, भार न येणाऱ्या कप्प्यांना तीन, अशी ढोबळ वाटणी प्रचलित आहे आणि ती योग्यच आहे. फक्त ‘जितका मोठा नंबर तितकी मजबूत सॅक’ हा समज सोडून द्यावा. दहा नंबरची चेन मोठ्या प्रवासी सॅकला शोभते, कारण तिथे वळणे ऐसपैस असतात. तीच चेन लहान सॅकच्या अरुंद कोपऱ्यावर बसवली तर ती तिथे ताठ राहते, रनरला प्रत्येक वेळी कोपरा चढावा लागतो आणि त्याची एकच कड झिजते. रोजच्या वापराच्या सॅकला आठ नंबर घेऊन कोपऱ्याचे वळण मोठे ठेवणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. चेन आधी ठरली पाहिजे असे म्हणतो ते यासाठीच, कारण वळणाची त्रिज्या नमुन्यावर असते आणि कापड कापल्यानंतर ती बदलता येत नाही. त्याच कागदावर आणखी एक उपाय करून ठेवता येतो: चेनवरून आडवे जाणारे, बकलने आवळता येणारे दोन पट्टे. सामानाचा बाहेरचा रेटा ते स्वतःवर घेतात आणि दात फाकवणारा ताण मोठ्या प्रमाणात कमी होतो.

पाणी अडवणाऱ्या चेनविषयी थोडक्यात. उलट्या कॉइलच्या बाहेरच्या अंगावर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो आणि त्याच्या दोन कडा मध्ये भिडतात. पावसाच्या सरी त्याने बऱ्यापैकी अडतात, पण ती जलरोधक चेन नव्हे, कारण कडा भिडतात त्या रेषेतून आणि रनर जिथे थांबतो त्या टोकातून पाणी वाट काढते. शिवाय ही चेन जड चालते आणि अरुंद कोपऱ्यावर पापुद्र्याला आधी सुरकुत्या व नंतर चिरा पडतात. माझ्या मते ती सरळ, छोट्या खिशांना लावावी, रनर थांबतो तिथे कापडाचे लहान टोपण शिवावे, आणि मुख्य कप्प्याला साधी कॉइल लावून वरून कापडाची झडप द्यावी. झडप मात्र आतून ताठ असावी, नाहीतर तीच रनरमध्ये अडकते.

उत्तम चेन आणूनही ती शिलाईत खराब करता येते. कापडाची दुमड दातांच्या फार जवळ आली की तिची कड रनरमध्ये शिरते. वापरणारा जोर लावतो, आणि त्याच जोराने पाती फाकतात. रनरची रुंदी मोजून, त्याच्या दोन्ही बाजूंना स्पष्ट मोकळी जागा राहील इतक्या अंतरावर टाका मारावा, आणि हे अंतर मशीनच्या पायाने (कापड दाबून धरणाऱ्या भागाने) सांभाळले जावे, कारागिराच्या नजरेवर सोडू नये. अस्तर नेहमी दुसऱ्या टाक्याने मागे खेचून बसवावे, कारण सुटलेला धागा रनरमध्ये गुंतणे ही नित्याची तक्रार आहे. मशीन खालचा थर वरच्यापेक्षा थोडा जास्त खेचते, त्यामुळे लांब चेन शिवताना एकतर कापड चुणते किंवा चेनला लाट येते. लाट आलेली चेन टेबलावर ठेवली की सापासारखी उठलेली दिसते, आणि प्रत्येक उंचवट्यावर रनर अडतो. यावर उपाय साधा आहे. चेन बंद असताना दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर वीतभर अंतराने खडूच्या खुणा कराव्यात, तशाच कापडाच्या तुकड्यांवर कराव्यात आणि खूण खुणेला जुळवत शिवावे. असे केले की एका बाजूची पट्टी पुढे सरकून सॅकचे तोंड वाकडे होण्याचा प्रकारही थांबतो. वळणावर पट्टीला बारीक चिरा द्याव्या लागल्या तर त्या टाक्यापर्यंत नेऊ नयेत. चेनची दोन्ही टोके कापडी पट्टीखाली घेऊन त्यांवर आडवा पक्का टाका द्यावा, कारण सॅक पूर्ण उघडली जाते तेव्हा सगळा ओढा शेवटच्या काही वेटोळ्यांवर येतो.

रंगाबाबत एकच सूचना आहे. गडद रंगाची पॉलिस्टरची पट्टी फिक्या, लेप दिलेल्या कापडाला टेकून उष्णतेत राहिली तर रंग लेपात उतरतो आणि धुऊन जात नाही. पट्टीचा तुकडा त्या कापडात गुंडाळून, वर वजन ठेवून काही दिवस गरम जागी ठेवला की हा धोका आधीच कळतो. पुलर म्हणून लांब धातूची पट्टी लावण्यापेक्षा दोरीचा फास मला अधिक पसंत आहे. तो वाजत नाही, हातमोजे घालूनही धरता येतो, रनरच्या कडीवर सतत आदळत नाही आणि तुटला तर कोणालाही बदलता येतो. मुख्य कप्प्यावर न अडकणारे दोन रनर समोरासमोर असावेत. कपड्यांसाठी असतात तसे जागच्या जागी अडकणारे रनर सॅकमध्ये निष्कारण अडथळा करतात.

रोल आला की प्रत्येक रोलचा हातभर तुकडा, त्याच खेपेचे दोन रनर आणि खेपेचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी एका पाकिटात घालून ठेवावी. पुढे तक्रार आली तर नवा आणि जुना रनर शेजारी ठेवून फट मोजता येते, आणि पुरवठादाराशी मोघम बोलावे लागत नाही. दुरुस्तीची सोय मात्र नमुन्यातच करावी लागते. रनर कधीतरी झिजणारच हे गृहीत धरले तर चेनचे किमान एक टोक असे बंद करावे की वरची छोटी पट्टी उसवून रनर काढता येईल, नवा घालता येईल आणि पट्टी पुन्हा शिवता येईल. ज्या सॅकमध्ये दोन्ही टोके आतल्या गोटाखाली गाडली गेलेली असतात, तिथे एक रनर बदलण्यासाठी अर्धी बाजू उसवावी लागते, आणि कोणताही दुरुस्ती करणारा त्या कामाला हात घालत नाही. प्रत्येक सॅकच्या आतल्या खिशात त्याच खेपेचा एक सुटा रनर घालून देणे यात खर्च नगण्य आहे, फक्त तो नेमका कोणत्या चेनचा आहे, हे सोबतच्या चिठ्ठीवर नंबर आणि जातीसह लिहिलेले असावे.